पेवातला दिवा आणि कोयनेवरची होडी

पाण्याच्या मधोमध असावं, चारी बाजूंनी मोकळं आभाळ असावं, आणि तरीही आत श्वास घ्यायला हवा नसावी, अशी जागा जगात एकच असेल. ती आमच्या ह्यांनी आष्ट्याला, घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी बांधली. मी त्या जागेत राहून आले आहे. जे राहिलेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रवासाचं वर्णन वाचून माणसाला तिथं जावंसं वाटलं पाहिजे म्हणतात. हे वाचून कुणाला जावंसं वाटलं तर खुशाल जा, कोयनेचं पाणी सुंदरच आहे. फक्त निघण्याआधी होडीच्या छपराला भोकं आहेत का, ते बघून घ्या.

आष्टा

हे म्हणजे आमचे सुभेदारसाहेब. फौजेत इंजिनिअरांच्या पलटणीत होते. तिथं कुठल्याशा तलावावर शिडाची होडी चालवायला शिकले आणि ते खूळ पेन्शनीबरोबर घरी घेऊन आले. गावातले बाकीचे फौजी ऊस लावत होते, पतसंस्थेच्या निवडणुका लढवत होते. ह्यांनी होडी बांधायला घेतली. आष्ट्यात, जिथं होडी म्हणजे पूर आल्यावर सरकारनं पाठवायची वस्तू. तेव्हा गावात केबल नुकती आली होती, पण संध्याकाळी लोक केबल सोडून आमच्या शेडमध्ये येऊन बसायचे. चहा करून करून माझे हात दुखले.

शीड माधवनगरच्या मागावरच्या जाड कापडाचं होतं, मंडपवाल्याकडून शिवून घेतलेलं. डोलकाठी उभी केल्यावर होडी खरंच देखणी दिसायची, ते मी नाकारत नाही. माझं भांडण होतं ते पुढच्या बाजूच्या खोलीशी. दोन माणसं आडवी होतील आणि तिसऱ्यानं मान वाकवून बसायचं, एवढी लाकडी खोली. तिला जाड दार, दाराच्या चौकटीला ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर, आणि मुंबईच्या भंगारातून आणलेली, पितळी झाकणात बसवलेली एक गोल काच. बस्स.

"थेंब आत येणार न्हाई," हे म्हणाले. असा अभिमान मी मुलाच्या लग्नातसुद्धा ह्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता.

"आणि हवा?"

"हवा काय, हवा सगळीकडं असतीच की."

आता ही खोली कुणासाठी होती ते सांगते, म्हणजे माझा राग नुसता बायकी कटकट वाटणार नाही. ती होती वन्संसाठी. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. हे तिला आक्का म्हणतात. तिचं सासर कोयनेच्या धरणात गेलं. सरकारनं जमिनी दिल्या त्या आमच्या सांगलीकडे, म्हणून बरीचशी माणसं इकडे आली. नवरा गेल्यावर वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. पण त्यांची जाऊ ताराबाई आणि आणखी चार घरं तिथंच राहिली, पाण्याच्या वर, डोंगराच्या उतारावर. या दोघी एकाच मांडवात लग्न लागून त्या घरात आल्या होत्या. सासूची भीती वाटायची तेव्हा एका घोंगड्यात झोपायच्या. आता एकमेकींना बघून वर्षं लोटली होती. ताराबाईंचा निरोप आला, की मला आता दिसायचं कमी झालंय, पुरतं जायच्या आत येऊन जा.

वन्संना दमा. बामणोलीपर्यंत एसटी जाते, पण पुढे पाणी, आणि त्या काठाला लाँचशिवाय जाता येत नाही. लाँचमध्ये डिझेलचा धूर, त्यात बायाबापड्यांच्या डोक्यावर बिड्यांचा धूर. एकदा त्या लाँचमध्ये बसल्या आणि धक्क्यावरूनच परत आल्या, ओठ निळे पडलेले. तेव्हा हे म्हणाले होते, "आक्का, तुला मी माझ्या होडीतनं नेतो. ना धूर, ना धक्का." म्हणजे ही होडी बहिणीच्या श्वासासाठी बांधलेली. म्हणूनच मला जास्त संताप येतो.

आणि मी कुणाची मुलगी? मी हरिपूरची. सांगलीला लागून कृष्णाकाठी आमचं गाव, तिथं हळद जमिनीखालच्या पेवांत साठवतात. पेव म्हणजे रांजणासारखा खोल खड्डा, तोंड अरुंद, वरून दगड-मातीनं लिंपलेलं. पेव उघडलं की आमच्यात कुणी लगेच आत उतरत नाही. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडं टाकून ठेवायचं आणि मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. दिवा जळत राहिला तर उतरा. आमचे वडील हळदीचे व्यापारी होते, मी फ्रॉकमध्ये असल्यापासून हे बघत आलेय. बंद जागेत काय असतं ते मला कुणी शिकवायला नको.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वडिलांनी जावयाला पेव दाखवलं. ह्यांना ते फार आवडलं. फौजेतल्या माणसाला अशी तपासणी आवडायचीच. तेव्हापासून चार माणसं जमली की सासुरवाडीचं कौतुक म्हणून हा किस्सा व्हायचाच. मी होडीतल्या हवेचा विषय काढला तेव्हा ह्यांनी खोलीच्या छताला कंदील टांगला आणि मला म्हणाले, "ही घे तुझ्या माहेरची रीत. दिवा जळतोय तवर हवा हाय. आता बोल."

माझ्याच माहेरचा कंदील माझ्या तोंडावर टांगला होता.

सातारा

होडी उसाच्या ट्रकवर चढली. ड्रायव्हर दर नाक्याला थांबून लोकांना सांगायचा, "आतनं बी बघा, रूम हाय." आम्ही तिघं मागून एसटीनं. साताऱ्यात ह्यांच्या पलटणीतल्या एका हवालदारांकडे मुक्काम केला. पोहोचतोय तोवर दारात उभ्या ट्रकभोवती आजूबाजूचे पेन्शनर जमले. साताऱ्यात फौजी नाही असं घर शोधावं लागतं.

प्रत्येकानं खोलीच्या दारावर मूठ आपटून बघितली. "लय दणकट केलंय, सुभेदार. बंकर हाय बंकर," हवालदार म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही आत जाऊन दार लावून बघितलं नाही. मला सांगा, बंकरमध्ये कुणी दम्याच्या बाईला झोपवतं का? मी ते बोलून दाखवलं. हवालदारांच्या बायकोनं पदरात हसू दाबलं आणि मला आत चहाला नेलं.

तिथं मला कळलं की मी एकटी वेडी नाही. त्यांच्या न्हाणीघरात पत्र्याचा बंब होता, आणि धूर बाहेर जायला त्याचा वाकडा नळ भिंतीतून काढलेला होता. मी बघतच राहिले. हेच तर हवं होतं. छपराला पुढे एक नळ, त्याचं तोंड वाऱ्याकडे. मागे एक नळ, त्याचं तोंड वाऱ्याला पाठ करून. एकातून ताजी हवा आत, दुसऱ्यातून शिळी बाहेर. तोंड वाकडं असल्यानं पाऊस सरळ आत पडत नाही. एका भोकानं काही होत नाही, पेवालाही एकच तोंड असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात जाऊन बंब बनवणाऱ्याकडून तसले दोन नळ करून घेतले. "बाई, बंब केवढा हाय?" त्यानं विचारलं. बंब नाही, होडी आहे, असं मी म्हटलं. मग तो नुसती हातोडी मारायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा.

नळ घेऊन आले तर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "होडीला भोक पाडू? मी?"

"बुडाला नाही म्हणत मी. छपराला."

"भोक ते भोक. एवढी वर्सं पानी बाहेर ठेवायला शिकलो, आन तू म्हणतीस भोक पाड."

वन्संना विचारलं तर त्या डोक्याला लोकरी फडकं घट्ट बांधत म्हणाल्या, "नको गं बाई. कानात वारं जातंय." आमच्याकडे सगळ्या दुखण्यांचं मूळ वारं. ताप आला, वारं लागलं. मान धरली, वारं लागलं. खिडकी दिसली की वन्सं ती लावणार, फट दिसली की तिच्यात चिंधी कोंबणार. आष्ट्याचं घर कौलारू आहे, वरून शेकडो फटींतून हवा खेळते, म्हणून आम्ही सगळे आजवर जिवंत आहोत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. मी दोन्ही नळ पदराखाली घेतले आणि कासच्या घाटातून बामणोलीपर्यंत मांडीवर बाळगले. जीपमधल्या माणसांना वाटलं, बंब मागून येतोय.

बामणोली

पाणी बघितल्यावर माझा राग थोडा वेळ विरघळला, हे लिहायला हवं. दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्यावर काळं जंगल, आणि मधे निळं पाणी कुठं वळतंय ते कळत नाही. पौषातली थंडी होती. काठावरच्या घरात आम्ही जेवलो. नाचणीची भाकरी, पावट्याची आमटी आणि वर जंगलातला मध. आमच्याकडे पाहुणा आला की पहिला प्रश्न, यंदा ऊस किती टन पडला. इथं पहिला प्रश्न, पाणी किती उतरलं. पाणी उतरलं की जुन्या शेताचे बांध वर येतात, आणि माणसं तिथं जाऊन नुसती उभी राहतात. वाढणाऱ्या बाईनं हे इतक्या सहज सांगितलं की वन्संचा घास हातातच राहिला.

वारा दुपारीच उठतो, म्हणून ती रात्र धक्क्याला बांधलेल्या होडीत काढायची ठरली. मी आणि वन्सं खोलीत. हे स्वतः वर, ताडपत्रीखाली, मोकळ्या हवेत, कारण होडी सांभाळायला कुणीतरी वर लागतं म्हणे.

सकाळी जाग आली ती कपाळावर थेंब पडल्यानं. सगळं छत आतून ओलं. गोधडी दमट, उशीला कुबट वास, व्हार्निश आणि रॉकेल यांचा दर्प घशात बसलेला. सांगलीहून आणलेला भडंग पुडीत होता. तोंडात टाकला तर सादळून चामडं झालेला. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या, छातीत घरघर वाढलेली.

मी दार ढकललं. ह्यांनी आत डोकं घातलं, छताला बोट लावून बघितलं, आणि चेहरा पडला. "छप्पर गळतंय."

"गळत नाही. आमचा श्वास आहे तो."

"श्वास कवा गळतो का?"

"भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की पाणी गळतं. ते झाकण फुटकं असतं का हो?" मी म्हटलं. "रात्रभर दोन बायकांनी आत श्वास सोडलाय. तो जाणार कुठं? वर जाऊन गार लाकडाला लागतो आणि खाली टपकतो. वाट द्या त्याला. हे नळ बसवा."

धक्क्यावर बसून एक म्हातारा लाँचवाला हे ऐकत होता. तो म्हणाला, "बाई म्हंत्यात ते खरं असंल, सुभेदार."

एवढं बास होतं. परक्या माणसानं बायकोची बाजू घेतली की आमच्या ह्यांचं मन पक्कं होतं. पेटीतून लांबी काढली, रंगारी भिंतीला भरतात ती, आणि दुपारपर्यंत छपराच्या लाकडांमधली बारीकसारीक फट शोधून शोधून भरली. गोल काचेचं पितळी झाकण आवळलं, वर त्यालाही लांबी फासली. मी धक्क्यावर नळ घेऊन बसले होते. हवा आत यायला जो काही चोरटा रस्ता उरला होता तोही माझ्या डोळ्यांदेखत बुजवला. वर मलाच ऐकवलं, "आता बघ, उद्या एक थेंब पडतो का."

पुरावा दाखवावा तरी कुणाला? भडंगाची पुडी मी ह्यांच्यासमोर धरली. म्हटलं, कंदील राहू दे, हा भडंग काय सांगतोय ते बघा. ह्यांनी मूठभर खाल्ला आणि म्हणाले, "मऊच बरा लागतो."

पलीकडचा काठ

दुपारी शीड भरलं आणि होडी निघाली, तेव्हा मात्र ह्यांच्याकडे बघत राहावंसं वाटलं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. पाणी होडीच्या पोटाखालून चुळचुळ करत जात होतं. वन्सं वर माझ्याशेजारी बसल्या होत्या, डोकं-कान बांधून, आणि बोट दाखवून सांगत होत्या, "हितं खाली आमचं खळं. हितं पिंपळ. त्या तिकडं तारीनं म्हशीच्या पाठीवर बसून वढा ओलांडला हुता." मला दिसत होतं नुसतं पाणी. त्यांना सगळं गाव दिसत होतं.

ऊन कलताना पोहोचलो. काठावरून वाडी दिसत होती, पण चढ असा उभा की वन्संना शक्य नव्हतं. वरून कुणीतरी ओरडून सांगितलं, की ताराबाई सकाळी खाली येतील. ती रात्र मी दारात चप्पल अडकवून काढली. चप्पल म्हणजे बोटभर फट. वन्सं कुरकुरत राहिल्या, वारं लागतंय म्हणून. मी ऐकलं नाही.

सकाळी धुकं इतकं दाट की होडीवरून वाडी दिसेना. वारा ठार पडलेला. थंडीनं वन्संचे दात वाजत होते. ताराबाईंना दिसत नाही, त्यांना धरून आणायला मी वर जायचं ठरलं. निघताना वन्संनीच दारातली चप्पल काढून माझ्या हातात दिली. "घाल पायात. काटं हायती वाटंला," म्हणाल्या.

वरच्या घरात मला गूळ-पाणी मिळालं, चुलीपुढं पाट मिळाला. घराच्या छपराला धुरासाठी साणं होतं, त्यातून उजेड सरळ चुलीवर पडत होता. धूर वर जात होता, घर कोरडं ठणठणीत होतं. सुभेदारसाहेबांना इथं आणून बसवावं असं मनात आलं. ताराबाई लहानखुऱ्या, काटक. लुगड्याच्या ओच्यात त्यांनी काहीतरी बांधून घेतलं आणि माझा दंड धरला. "चल गं पोरी. ती म्हातारी झाली का गं माझ्यासारखी?" उतरताना सारखं हेच विचारत होत्या.

धुकं विरळ होऊन होडी दिसली. हे काठावर दगडावर बसून दोर विणत होते. खोलीचं दार बंद.

"वन्सं कुठं?"

"आत हाय. लय गारठली हुती, शेगडी पेटवून दिली तिला. झोपली निवांत."

"कोळशाची शेगडी? आत? दार लावून?"

"आगं, मी काय येडा हाय का? कंदील टांगलाय. घडोघडी काचंतनं बघतोय. दिवा झकास जळतोय. गाल बघ तिचे, कसे लाल झाल्यात उबंनं."

मी काचेतून बघितलं. दिवा खरंच जळत होता. खाली वन्संचा हात फळीवरून लोंबत होता. झोपलेल्या माणसाचा हात तसा लोंबत नाही.

दार दमटपणानं फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. ह्यांनी खांदा मारला तेव्हा उघडलं. आतून जी गरम, जड हवा तोंडावर आली तिनं माझं डोकं गरगरलं. आम्ही दोघांनी वन्संना ओढत बाहेर काढलं आणि काठावरच्या वाळूवर निजवलं. हाका मारल्या, गाल थोपटले. काही नाही. ताराबाई चाचपडत पायाशी बसल्या, तळवे घासायला लागल्या, आणि तोंडानं एकच चाललेलं, "ऊठ गं आक्के. मी आलेय. ऊठ, बघ तरी."

मी ह्यांना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पण एवढं बोलले ते लिहिते. "पेवात कुणी शेगडी पेटवत नाही. आणि पेवात आधी दिवा उतरतो, मग माणूस. तुम्ही आधी माणूस आत घातला, वर दिवा टांगला आणि बाहेर बसून दोर विणत राहिलात. माझ्या वडिलांनी तुम्हाला हे शिकवलं होतं का?" हे बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन नुसते वारा घालत राहिले, माझ्या पदरानं.

नंतर साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की धुमसत्या कोळशाचा जो विषारी वायू असतो त्यानं दिवा विझत नाही, माणूस विझतो. म्हणजे तो कंदील दिवसभर जळत राहिला असता. आणि हे दिवसभर काठावर बसून म्हणत राहिले असते, झकास.

वन्संना उलटी झाली. मग खोकला. मग एक लांब, शिट्टीसारखा श्वास आत गेला, आणि मी वाळूवरच फतकल मारून बसले. त्यांनी डोळे उघडले. आभाळाकडे बघितलं, ताराबाईंकडे बघितलं, पण ओळख पटायच्या आधी तोंडातून निघालं ते हे: "दार लावा की गं. वारं लागतंय."

मला हसावं की त्यांच्या एक थोबाडीत द्यावी कळेना. मी रडले.

परत

ताराबाईंच्या ओच्यात करवंदाचं लोणचं होतं आणि भाकरी. दुपारपर्यंत त्या दोघी उन्हात पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. एकीला दिसत नव्हतं, दुसरीला बोलताना दम लागत होता, म्हणून एक बोलायची आणि दुसरी बघून सांगायची. पाणी उतरलंय का, बांध दिसतोय का, पिंपळाचा बुंधा आलाय का वर. वन्सं सगळ्याला हो म्हणत होत्या. मी बघितलं, त्यातलं काहीच वर आलेलं नव्हतं.

इकडे होडीवरून करवतीचा आवाज येत होता. हे मला न विचारता माझ्या पिशवीतले दोन्ही नळ घेऊन गेले होते. पुढे एक भोक, मागे एक भोक. काल भरलेली लांबी पटाशीनं उकरून काढली. पितळी झाकण उघडलं ते उघडंच. नळ बसवल्यावर पुढच्याचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, मागच्याचं उलटं, आणि मागच्या नळावर तळहात धरून बसले. बाहेर येणारी हवा हाताला लागत होती की काय कोण जाणे. मला बोलायचं होतं, पण ठेवून दिलं आष्ट्यासाठी, आणि आष्ट्याला पोहोचल्यावर सगळं बोलले.

वारा उठल्यावर निघालो. डॉक्टरपर्यंत पोहोचायला तीच एक वाट होती. ताराबाई काठावर उभ्या राहून आवाजाच्या दिशेनं हात हलवत होत्या, आणि होडी वळल्यावरही त्या आधीच्याच दिशेला हलवत राहिल्या. बाहेरचा गार वारा वन्संच्या छातीला सोसणारा नव्हता. त्यांना खोलीत निजवलं, दार सताड उघडं बांधून. आत जाताना त्यांनी छपरातल्या भोकांकडे संशयानं बघितलं आणि डोक्याचं फडकं सोडायला लागल्या. मला वाटलं, आता हे फडकं नळात जाणार. मी म्हटलं, "वन्सं, त्यात काही कोंबलंत तर मी पाण्यात उडी मारेन." त्यांनी फडकं परत बांधलं.

मी वर छपरावर, मागच्या नळाला लागून बसले. हे सुकाणूवर, मान खाली. मध्ये केव्हातरी मी वाकून नळाच्या तोंडाला कान लावला. खालचं सगळं ऐकू येत होतं. वन्संचा श्वास, ती घरघर, ती शिट्टी. आष्ट्याच्या घरात इतकी वर्षं भिंतीपलीकडून हा आवाज यायचा आणि माझी झोप मोडायची. त्या दिवशी पाण्याच्या मधोमध तो पत्र्याच्या नळातून येत होता, आणि मला कान काढवेना. एक श्वास गेला की दुसऱ्याची वाट बघायची, तो आला की तिसऱ्याची. डोंगर जात होते, मी बघितले नाहीत.

खालून हाक आली. "कोन हाय गं वर नळाव?"

"मी आहे, वन्सं. काय होतंय का?"

"डोस्कं बाजूला घे की," वन्सं करवादल्या. "माझं वारं आडीवतीस."

मी डोकं बाजूला घेतलं.